हृदयक्रिया बंद पडली, पण कशाने?

निधनवार्तांच्या स्तंभातले एक वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘हृदयक्रिया बंद पडल्याने त्यांचे निधन झाले.’ गावाकडे हेच ‘हार्ट फेल झाले’ असे सांगतात आणि ऐकणाऱ्याचे तेवढ्याने समाधान होते. पण थोडा विचार केला तर या वाक्यात कारण सांगितलेलेच नाही हे ध्यानात येईल. क्षयाने मरणाऱ्याची, साप चावून मरणाऱ्याची, विहिरीत बुडून मरणाऱ्याची, सर्वांचीच हृदयक्रिया शेवटी बंद पडते. दिवा विझला एवढेच आपल्याला कळते. तेल संपले, वारा आला की वात जळून गेली, हे कळत नाही.

बातमीत ही गल्लत खपून जाते. देशाच्या मृत्यूच्या आकडेवारीत ती शिरली तर मात्र पंचाईत होते, कारण कोणत्या आजारासाठी दवाखाने उभारायचे, कोणती औषधे गावोगाव पोहोचवायची, हे त्या आकड्यांवरून ठरते. अशी गल्लत होऊ नये म्हणून जगभर एक पुस्तक वापरले जाते. त्याचे लांबलचक नाव ‘रोग आणि संबंधित आरोग्यसमस्या यांचे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्रीय वर्गीकरण’ असे आहे. वापरणारे त्याला ‘आयसीडी’ म्हणतात. त्याच्या दहाव्या आवृत्तीला १९९० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने मान्यता दिली आणि १९९४ पासून निरनिराळे देश ती वापरू लागले. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी अनेक देशांचे व्यवहार अजून दहावीवरच चालतात. या दहाव्या आवृत्तीतल्या हृदयविकारांच्या प्रकरणाचे, आणि त्यातही हृदयविकारातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीला त्यात मिळालेल्या जागेचे, परीक्षण येथे करायचे आहे.

शिक्षकांच्या मासिकात या पुस्तकाचे काय काम, असे कोणी विचारील. एक कारण असे की वर्गीकरण आपण दरवर्षी शिकवतो, पण ते बहुधा बेडूक, गांडूळ आणि आंब्याचे झाड यांच्यापुरते राहते. वर्गीकरण चुकले तर कोणाचे काय बिघडते, हे त्यातून मुलांना कळत नाही. या पुस्तकातून ते कळते. दुसरे कारण थेट आपल्या वर्गातल्या मुलांशी निगडित आहे. ते ओघात येईल.

पुस्तक आले कोठून?

मृत्यूची कारणे मोजण्याचा उद्योग जुना आहे. लंडनमध्ये सतराव्या शतकात मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने ती गोळा करून १६६२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. त्या पत्रकांत ‘म्हातारपण’, ‘दात’, ‘अचानक’ आणि चक्क ‘ग्रह’ अशीही मृत्यूची कारणे नोंदलेली आढळतात. दात येण्याच्या वयात मूल दगावले की ‘दात’ हे कारण. एखादी गोष्ट कशाबरोबर घडली आणि कशामुळे घडली, यांतला फरक तेव्हा स्पष्ट झालेला नव्हता.

तो स्पष्ट करण्याचे मोठे श्रेय विल्यम फार यांना जाते. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात त्यांनी १८३९ च्या सुमारास कामाला सुरुवात केली. पहिल्याच वार्षिक अहवालात त्यांनी तक्रार मांडली की एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत, एकच नाव अनेक रोगांना दिले जाते, आणि मूळ रोगाऐवजी त्याची गुंतागुंतच नोंदली जाते. त्यांची ही शेवटची तक्रार वाचकांनी लक्षात ठेवावी.

पुढे १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या बैठकीत फ्रान्सच्या जाक बर्तियों यांनी तयार केलेली यादी स्वीकारली गेली. १९०० साली पॅरिसमध्ये तिची पहिली सुधारणा झाली आणि दर दहा वर्षांनी ती सुधारायची असा प्रघात पडला. १९४८ साली सहावी आवृत्ती निघाली तेव्हा हे काम नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. मृत्यूंबरोबर आजारांचीही यादी त्यात प्रथमच आली.

त्याच वेळी या पुस्तकाने एक मोलाची गोष्ट पक्की केली. ती म्हणजे ‘मूळ कारण’ ही कल्पना. ज्या रोगाने किंवा दुखापतीने मृत्यूकडे नेणाऱ्या घटनांची मालिका सुरू केली तो रोग वा ती दुखापत, म्हणजे मूळ कारण. डॉक्टर मृत्यूचा दाखला लिहितात तेव्हा पहिल्या ओळीत शेवटची घटना, तिच्याखाली ती कशामुळे घडली ते, त्याच्याखाली तेही कशामुळे घडले ते, असे उलटे चालत जातात. आपल्याकडच्या ‘नमुना ४’ या दाखल्यातही हीच रचना आहे. ‘हार्ट फेल्युअर’, अशक्तपणा यांसारखे मरणाचे नुसते प्रकार लिहू नका, अशी सूचनाही त्यात छापलेली असते. कार्यकारणाची साखळी मागे मागे शोधत जाण्याचा इतका साधा आणि शिस्तबद्ध नमुना आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळला. पुस्तकाचा हा गुण आधी मान्य करून मगच त्याच्या दोषांकडे वळणे न्याय्य होईल.

नववे प्रकरण

रक्ताभिसरणाचे विकार पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात आहेत. त्यांच्या संकेतांकांना इंग्रजी ‘आय’ हे अक्षर दिले आहे. अक्षरानंतर दोन अंक, मग टिंब आणि आणखी एक अंक, असा संकेतांक बनतो. टिंबानंतरचा ८ बहुतेक ठिकाणी ‘इतर’ आणि ९ ‘अनिर्दिष्ट’ असे सांगतो. प्रत्येक आजाराला एक आणि एकच कप्पा मिळाला पाहिजे आणि एकही आजार कप्प्याबाहेर राहता कामा नये, हा नियम. आपण वर्गीकरण शिकवतो तेव्हाही हेच दोन नियम सांगतो.

आता हृदयविकाराचा झटका येतो म्हणजे काय होते ते थोडक्यात पाहू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकते. तिच्या पुढच्या स्नायूला प्राणवायू मिळत नाही आणि तो मरू लागतो. याला हृदयस्नायूचे इन्फार्क्शन म्हणतात. पुस्तकात त्याचा कप्पा आय २१. स्नायूची कोणती भिंत मेली, पुढची की खालची, यावरून त्याचे उपकप्पे पडतात. झटक्यापासून चार आठवड्यांच्या आत दुसरा झटका आला तर आय २२. चार आठवड्यांची मुदत ओलांडली की ‘तीव्र’ हे विशेषण जाते. नवव्या आवृत्तीत ही मुदत आठ आठवड्यांची होती. म्हणजे सहाव्या आठवड्यातला रुग्ण नवव्या आवृत्तीनुसार तीव्र विकाराचा होता आणि दहाव्या आवृत्तीनुसार तो जुन्या विकाराचा झाला. रुग्ण तोच, विकारही तोच. कप्प्याची भिंत तेवढी सरकली.

झटका आल्यावर पुढे जे घडू शकते त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार विजेचा. हृदयाचे ठोके ज्या विद्युत्‌ संदेशांनी पडतात ते विस्कळीत होतात आणि जवनिका नुसती थरथरत राहते. रुग्ण इस्पितळात पोहोचण्यापूर्वीच दगावतो तो बहुधा यामुळे.

दुसरा प्रकार पंपाचा. स्नायूचा मोठा भाग मेल्यामुळे उरलेल्या स्नायूला रक्त पुरेसे ढकलता येत नाही. फुप्फुसांत पाणी साठते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे आणि मेंदू उपाशी राहतात. याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. इस्पितळात दाखल झालेल्या झटक्याच्या रुग्णांच्या मृत्यूचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

तिसरा प्रकार भिंत फाटण्याचा. मेलेला स्नायू काही दिवसांत मऊ पडतो. दोन जवनिकांमधला पडदा फाटतो, किंवा बाहेरची भिंत फाटून रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचते, किंवा झडपेला ताणून धरणारा छोटा स्नायू तुटतो आणि झडप एकाएकी गळू लागते. मेलेल्या भिंतीला आतून चिकटलेली गुठळी सुटून मेंदूपर्यंत गेली तर पक्षाघातही होतो.

आता पुस्तक उघडू. आय २३ या कप्प्याचे नाव ‘हृदयस्नायूच्या तीव्र इन्फार्क्शननंतरची काही चालू गुंतागुंत’. त्यात काय आहे? हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचणे, कर्णिकांमधल्या पडद्याला भोक, जवनिकांमधल्या पडद्याला भोक, हृदयाची भिंत फाटणे, झडपेचे दोर तुटणे, झडपेचा स्नायू तुटणे, हृदयाच्या कप्प्यांत गुठळी होणे, आणि ‘इतर’. एवढेच. म्हणजे तिसरा प्रकार सगळा आहे. पहिला आणि दुसरा प्रकार येथे नाहीत.

विजेच्या बिघाडाचा कप्पा आहे आय ४९.०. तेथे तो कोणत्याही कारणाने झालेल्या तशाच बिघाडांच्या सोबत बसला आहे. हृदयाची ढकलशक्ती कमी होणे, म्हणजे हार्ट फेल्युअर, आय ५० मध्ये. आणि सर्वांत घातक असा शॉक हृदयविकारांच्या प्रकरणात मुळी नाहीच. त्याचा संकेतांक आर ५७.०. ‘आर’ हे अक्षर अठराव्या प्रकरणाचे. त्या प्रकरणात लक्षणे, चिन्हे आणि अन्यत्र न बसणाऱ्या गोष्टी ठेवल्या आहेत. हृदयामुळेच होणारा, नावातच हृदय असलेला हा उपद्रव, खोकला आणि डोकेदुखी यांच्या प्रकरणात जाऊन बसला आहे.

असे का झाले असावे? आमचा तर्क असा. आय २३ मधल्या बहुतेक गोष्टी शवविच्छेदनाच्या टेबलावर डोळ्यांना दिसतात. फाटलेला पडदा दिसतो, तुटलेला स्नायू दिसतो, गुठळी हातात घेता येते. विजेचा बिघाड मात्र मृत्यूबरोबर नाहीसा होतो. शॉक म्हणजे दाब, प्रवाह आणि वेळ यांची गोष्ट, ती सुरीला सापडत नाही. रोगांची नावे ठरली त्या काळात शवविच्छेदन हाच पुराव्याचा मुख्य आधार होता. कप्पे त्या नजरेने पडले आणि पुढच्या आवृत्त्यांनी ते बव्हंशी तसेच पुढे चालवले असावेत.

दरम्यान खुद्द आजाराचे रूप बदलले. १९८६ साली इटलीत सुमारे ११,८०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, पहिल्या काही तासांत स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास मृत्यू कमी होतात हे दिसून आले. पुढे रोहिणी फुग्याने उघडण्याचे तंत्र आले. रोहिणी वेळेवर उघडली की मोठा स्नायू मरत नाही, आणि मोठा स्नायू मेला नाही की भिंत सहसा फाटत नाही. म्हणजे ज्या उपद्रवांना पुस्तकाने स्वतंत्र उपकप्पे दिले ते विरळ होत चालले. झटक्यानंतर कर्णिकांमधल्या पडद्याला भोक पडणे तर मुळातच अत्यंत दुर्मीळ. त्याला मात्र आय २३.१ हे मानाचे आसन आहे.

एक विचित्र शेजार

याच प्रकरणाच्या शेवटाकडे आय ५१ हा कप्पा लागतो. त्याचे शीर्षक आम्ही दोनदा वाचले : ‘हृदयविकाराची गुंतागुंत आणि अस्पष्ट वर्णने’. झटक्याशी संबंध न सांगितलेली तुटलेली झडप येथे आहे, हृदयातली गुठळी येथे आहे, हृदय मोठे झाल्याची नोंद येथे आहे, आणि ‘हृदयविकार, अनिर्दिष्ट’ हेही येथेच आहे.

गुंतागुंत आणि अस्पष्टता या दोन गोष्टींना एका छपराखाली का आणावे? गुंतागुंत ही निश्चित घटना असते. अमुक दिवशी अमुक दोर तुटला असे डॉक्टर सांगू शकतो. अस्पष्टता हा घटनेचा गुण नाही. आपल्या माहितीत जी उणीव राहिली, तिचे ते नाव. वर्गात एखाद्याने ‘सस्तन प्राणी आणि नीट न दिसलेले प्राणी’ असा एक गट केला तर आपण त्याला वही परत देऊ.

या शेजाराचा परिणाम आकड्यांवर होतो. अशा कप्प्यांत पडलेले मृत्यू पुढे कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. जागतिक रोगभाराचा अभ्यास करणारे ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ यांनी १९९६ साली अशा संकेतांकांना सरळ ‘कचरा’ म्हटले. हार्ट फेल्युअर हा त्या कचऱ्यातला एक मोठा वाटा. त्यामागे काय होते, जुना झटका, उच्च रक्तदाब, झडपेचा रोग की दारूने थकलेला स्नायू, हे कळत नसल्याने तो मृत्यू कोणत्याच उपायाकडे बोट दाखवत नाही.

लिहिणाऱ्याचा दोष की पुस्तकाचा?

पुस्तकाच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो आणि तो दुबळा नाही. हे वर्गीकरण संख्याशास्त्रासाठी आहे, रुग्णाची हकीकत सांगण्यासाठी ते नाही. मूळ कारण मोजायचे असेल तर गुंतागुंत मागे पडणारच, फार यांची तक्रारही तीच होती. शॉक हा मूळ रोग नाही म्हणून तो लक्षणांत टाकला. मृत्यूच्या मूळ कारणाची मोजणी करताना आय २३ सुद्धा वापरायचा नाही, तेथे आय २१ किंवा आय २२ घ्यायचा, असा नियम आहे. डॉक्टरांनी दाखला नीट लिहिला तर सारे सुरळीत चालते.

एक दाखला घेऊन पाहू. पहिल्या ओळीत शॉक, दुसऱ्या ओळीत हृदयस्नायूचे इन्फार्क्शन, तिसऱ्या ओळीत रोहिण्यांचे काठिण्य, आणि खालच्या भागात मधुमेह असे लिहिले आहे. साखळीच्या तळाशी रोहिण्यांचे काठिण्य आहे. पण काठिण्याबरोबर तीव्र इन्फार्क्शनचा उल्लेख असेल तर इन्फार्क्शन निवडावे असा जोडनियम असल्याने हा मृत्यू आय २१ मध्ये मोजला जातो. हे योग्यच आहे. शॉक आणि मधुमेह दोन्ही मोजणीतून गेले, पण मूळ कारणाचा आकडा बरोबर आला.

लिहिण्याच्या सवयीचा परिणाम किती मोठा असतो हे जपानच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९९५ च्या जानेवारीपासून मृत्यूच्या दाखल्याचा नवा नमुना आला आणि शेवटची अवस्था म्हणून ‘हार्ट फेल्युअर’ लिहू नका असे त्यावर छापले गेले. सूचना आधीच पोहोचल्याने आकडे १९९४ पासूनच उतरू लागले. १९९३ साली हृदयविकाराचे सुमारे १ लाख ८० हजार मृत्यू नोंदले गेले होते. १९९५ साली ते सुमारे १ लाख ३९ हजार झाले. मृत्यूच्या कारणांत हृदयविकार दुसऱ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आला. दोन वर्षांत जपानी माणसाचे हृदय काही इतके सुधारले नव्हते. दाखल्यावर छापलेल्या एका सूचनेने ही घसरण घडवली.

तेव्हा लिहिणाऱ्याचा दोष मोठा आहे हे कबूल. पण पुस्तकही अगदी निर्दोष सुटत नाही. डॉक्टरने अपुरे लिहिले तर काय समजायचे, हेही पुस्तकच ठरवते, आणि त्या ठरवण्यात एक गृहीत असते. आमचा सर्वांत मोठा आक्षेप या गृहीतावर आहे.

झडपेची गोष्ट

हृदयाच्या डाव्या बाजूला कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये मायट्रल नावाची झडप असते. ती अरुंद होऊ शकते किंवा गळकी होऊ शकते. आपल्या देशात दोन्हींमागे अनेकदा संधिज्वर असतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंमुळे दुखतो, तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो, आणि जीवाणूंशी लढण्यासाठी शरीराने उभारलेली फौज हृदयाच्या झडपांवरच उलटते. पुढे हा ज्वर पुन्हा पुन्हा आला की झडप कायमची खराब होते.

आता पुस्तकाचा नियम पाहा. डॉक्टरने ‘मायट्रल झडप अरुंद’ एवढेच लिहिले आणि कारण लिहिले नाही, तर पुस्तक ते संधिज्वरामुळेच झाले असे धरते आणि आय ०५ हा कप्पा देते. पण ‘मायट्रल झडप गळकी’ एवढेच लिहिले तर पुस्तक उलट धरते. संधिज्वराचा उल्लेख नाही म्हणून आय ३४, म्हणजे संधिज्वराशी संबंध नसलेला झडपेचा रोग.

ज्या देशांतून संधिज्वर जवळजवळ हद्दपार झाला आहे तेथे हे गृहीत चालेल. तेथे झडप गळते ती मुख्यतः उतारवयातल्या झिजेने. पण संधिज्वर झालेल्या लहान आणि तरुण रुग्णांत सर्वाधिक आढळणारा दोष झडप गळण्याचाच असतो. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावी चौदा वर्षांच्या मुलीच्या कागदावर घाईत ‘मायट्रल गळती’ एवढेच लिहिले गेले, तर ती मुलगी संधिज्वराच्या आकड्यातून वगळली जाते. कोणी खोटे लिहिले नाही. कोणी नियमही मोडला नाही. तरीही आकडा चुकला.

या चुकीची किंमत काय? संधिज्वराला उपाय आहे आणि तो महाग नाही. एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलाला दर तीन ते चार आठवड्यांनी लांब पल्ल्याचे पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देत राहिले तर पुढचे हल्ले टळतात आणि झडप वाचू शकते. पण इंजेक्शन गावागावांत मिळत राहावे असे नियोजन करणाऱ्याने जर पाहिले की हा रोग आता कागदावर फारसा उरलेला नाही, तर तो पैसा दुसरीकडे वळवील. अपुऱ्या नोंदीने रोग अदृश्य होतो आणि अदृश्य रोगावर खर्च होत नाही.

अकरावी आवृत्ती काय म्हणते?

अकराव्या आवृत्तीने यांतले काही दोष दुरुस्त केले आहेत. झडपांची मांडणी आता आधी कोणती झडप, मग कोणता दोष, आणि त्याखाली संधिज्वरामुळे की अन्य कारणाने, अशी आहे. कारण लिहिलेच नसेल तर ‘अनिर्दिष्ट’ हा वेगळा कप्पा आहे. म्हणजे माहीत नसलेल्या गोष्टीला ‘माहीत नाही’ म्हणण्याची सोय झाली. आमच्या मते ही या आवृत्तीतली एक चांगली सुधारणा आहे. एका मुख्य संकेतांकाला पूरक संकेतांक जोडून रुग्णाची अधिक पूर्ण हकीकत लिहिण्याची सोयही तिने केली. पक्षाघात रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून उचलून मज्जासंस्थेच्या प्रकरणात नेला. तोही वाद जुना होता : बिघाड रक्तवाहिनीत, नुकसान मेंदूचे, मग घर कोणाचे?

पण झटक्यानंतरच्या गुंतागुंतीचा कप्पा ‘काही चालू गुंतागुंत’ या जुन्याच नावाने नव्या आवृत्तीतही कायम आहे. हृदयाचा शॉक अजून लक्षणांच्याच प्रकरणात आहे. जुन्या सुरीची नजर पूर्ण गेलेली नाही.

नुसते कप्पे वाढवले की ज्ञान वाढते, असेही समजू नये. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीचे स्वतःचे रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणले. त्यात सुमारे ७० हजार संकेतांक आहेत. तेथे वृद्धांच्या सरकारी विम्याचे पैसे इस्पितळांना १९८३ पासून निदानाच्या गटानुसार मिळतात आणि गुंतागुंत नोंदली की रक्कम वाढते. साहजिकच गुंतागुंत तेथे बारकाईने नोंदली जाते. या संकेतांकांचे काम करणारी हजारो तरुण मंडळी आज आपल्या देशात, हैदराबाद-चेन्नईपासून पुणे-नवी मुंबईपर्यंत, संगणकासमोर बसलेली आहेत. तिकडच्या रुग्णाची गुंतागुंत आपला विद्यार्थी टिंबापुढच्या अंकापर्यंत नोंदवतो, आणि इकडे त्याच्याच गावातला मृत्यू ‘हार्ट फेल’ म्हणून संपतो.

कारण आपल्याकडचा मूळ प्रश्न आणखी अलीकडचा आहे. २०२० सालच्या अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के मृत्यूंच्याच कारणाला वैद्यकीय दाखला होता. त्यांत रक्ताभिसरणाच्या विकारांचा गट सर्वांत मोठा, सुमारे ३२ टक्के. उरलेल्या मृत्यूंपर्यंत पुस्तक पोहोचतच नाही. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तीनुसार इस्पितळात मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला निबंधकाकडे विनामूल्य द्यायचा आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची. म्हणजे हा कागद आता घरोघर येणार. तो वाचता येणे ही साक्षरतेचीच पुढची पायरी आहे.

आमचा अभिप्राय

एकंदरीत पाहता, साखळी शोधायला शिकवणारे हे पुस्तक मोठ्या योग्यतेचे आहे आणि त्याला आज पर्याय नाही. हृदयविकारांचे प्रकरण मात्र आम्हांला त्याच्या दुबळ्या भागांपैकी वाटले. त्यात विरळ गोष्टींना बारीक कप्पे आहेत आणि नेहमीच्या घातक गोष्टी तीन ठिकाणी विखुरल्या आहेत. गुंतागुंत आणि अस्पष्टता शेजारी बसवल्या आहेत. आणि माहिती नसेल तेथे श्रीमंत देशांचा अनुभव गृहीत धरला आहे. पहिल्या दोन दोषांनी गैरसोय होते. तिसऱ्याने मुलांचे नुकसान होते.

वर्गात यावर एक तास सहज घेता येईल. दाखल्याची चार ओळींची कोरी चौकट फळ्यावर काढावी आणि मुलांना साधी घटना द्यावी, उदाहरणार्थ वर्गातली खिडकीची काच फुटली. काच फुटली, कारण चेंडू लागला. चेंडू लागला, कारण खेळ भिंतीला लागून चालला होता. तसा चालला, कारण मैदानात बांधकामाचे सामान पडले आहे. मग विचारावे : यातले मूळ कारण कोणते, आणि नुसती ‘काच फुटली’ अशी नोंद केली तर उपाय कोणता सुचेल? नवी काच बसवण्याचा सुचेल. मैदान मोकळे करण्याचा सुचणार नाही.

दुसरी गोष्ट तासापुरती नाही. घसा दुखून गेल्यावर काही दिवसांनी एखादे मूल गुडघा, मग घोटा, मग कोपर दुखते म्हणू लागले, सांधा सुजलेला आणि गरम लागला, किंवा ते खेळताना लवकर धापा टाकू लागले, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. पालकांना सांगून त्याला दवाखान्यात पाठवावे, आणि हृदय तपासून घ्या असे आवर्जून सांगावे. तेथून कागद आल्यावर त्यावर नुसती ‘झडप गळकी’ एवढीच नोंद असेल, तर ती कशामुळे, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. त्या एका शब्दावर त्या मुलाची पुढची इंजेक्शने अवलंबून असतात आणि देशाच्या आकड्यातली त्याची जागाही.